चार फितींची खोली

“किती उघडलीत?” आईनं विचारलं.

“एकच, ताई,” लिफ्टमन म्हणाले.

आईनं त्यांच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. वरच्या कडेला टॅब इतके दाटीवाटीनं बसले होते की एकाचंही नाव वाचता येत नव्हतं. कंगव्याच्या दातांसारखी नुसती एक ओळ दिसत होती.

“हे एक आहे?”

“उघडत नव्हतं. म्हणून परत दाबलं.”

“आणि परत.”

“आणि परत.” लिफ्टमननी मान खाली घातली. “तुम्हाला सांगतो ताई, आयुष्यभर लोकांवर ओरडलो. बटण एकदा दाबलं की पुरे, लिफ्टला कळतं, ती येतेच आहे. आणि आज मीच बसलोय इथे टकटक करत.”

“मग आता कळलं ना,” पलीकडच्या कॉम्प्युटरवरून शिंपीणबाई म्हणाल्या, “खाली उभ्या असलेल्या माणसाचा जीव कसा टांगणीला लागतो ते.”

लिफ्टमन हसले नाहीत. अकराला त्यांची मुलाखत होती आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा साडेदहाच्या पुढे सरकला होता. माउसचा बाण पडद्याच्या मधोमध गोठला होता. टेबलाखालचा डबा घरघरत होता, आणि त्याच्या पुढच्या बाजूचा लहानसा दिवा लुकलुकायचंही विसरून एकसारखा जळत होता.

मी दारात उभी होते. आईला न्यायला आले होते. हॉस्पिटलमध्ये तिचा रिपोर्ट तयार होता आणि डॉक्टरांनी ‘घरच्या कुणाला तरी घेऊन या’ असं सांगितलं होतं. त्या एका वाक्यावरून रिपोर्टात काय असेल याचा अंदाज आम्हा दोघींना आला होता, आणि तो न आल्यासारखं आम्ही दोघी आठवडाभर एकमेकींशी वागत होतो.

“पाच मिनिटं बस,” आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

आईची पाच मिनिटं मी लहानपणापासून ओळखत होते. मी पर्स मांडीवर घेऊन बसले.

ती खोली सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होती. आई तिथे मुळात पुस्तकं बांधायला लागली होती. सुटलेली पानं शिवायची, पाठ निखळली की कापड लावून सरसानं परत चिकटवायची, वाळवीनं खाल्लेल्या कडांना पातळ कागदाची किनार द्यायची. माझ्या लहानपणी तिच्या बोटांना कायम सरसाचा वास यायचा. पुढे बांधणी विभाग बंद झाला. फाटलेलं पुस्तक दुरुस्त करण्यापेक्षा नवं आणणं सोपं, असं वर ठरलं. त्याच सुमारास एका कचेरीनं काढून टाकलेले कॉम्प्युटर वाचनालयाला मिळाले होते. ते वरच्या खोलीत मांडले गेले, आणि कुणालाच ती खोली नको होती म्हणून ती आईच्या वाट्याला आली.

नको असण्याचं कारण साधं होतं. मशीन चालायची नाहीत. म्हणजे चालू व्हायची, पण कुणी ब्राउझर उघडून दोन-तीन पानं पाहिली की बसकण मारायची. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता आणि ज्यांना आता प्रत्येक गोष्ट कॉम्प्युटरवरच करा असं सांगितलं जात होतं, अशी माणसं तिथे यायची. ती ताटकळायची, चिडायची, आणि जाताना आईला दोन शब्द सुनावून जायची. ‘भंगारात द्या ही खोकी,’ हे तिनं पहिल्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं की तिला ते लागलं. फाटक्या पुस्तकाला कुणी टाकाऊ म्हटलं तरी तिला असंच लागायचं.

मग तिनं वाचायला घेतलं. वाचनालयातच बसली होती, पुस्तकांना काय तोटा. आधी समजेना. मग थोडं समजलं. तिनं एक डबा उघडून आत पाहिलं, आणि मला फोनवर म्हणाली, “अगं, आत काहीच नाही घाबरण्यासारखं. पुस्तकापेक्षा धूळ जास्त, एवढंच.” काही महिन्यांत खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला ती मशीन का दमतं ते समजावून सांगायला लागली. तिचं ते सांगणं मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ती नसताना मला तिचा आवाज आठवायचा झाला तर हेच आठवतं. गंमतच आहे. आईच्या आवाजात मला अंगाई ऐकू येत नाही, ब्राउझर ऐकू येतो.

“मी एकच बातमी वाचतोय हो ताई,” निवृत्त पोस्टमननी एकदा कुरकुर केली होती. “याला एवढी धाप लागायला काय झालं?”

“बातमी एक आहे, पण ती एकटी येते का?” आई म्हणाली. “चार ओळींची बातमी आणि सोबत हा लवाजमा. हलणारी चित्रं, जाहिराती, तुम्ही कुठे बघताय त्यावर पाळत ठेवणारे. तुम्ही दुसऱ्या पानावर गेलात तरी ते उठून जात नाहीत. आत बसून कुजबुजत राहतात.”

“मग ब्राउझरनं हाकलावं त्यांना.”

“तो कसला हाकलतोय. हौशी यजमान आहे तो. तुम्ही मागे वळून याल म्हणून मागचं पानसुद्धा आवरत नाही, तसंच मांडून ठेवतो. आणि दुसरं म्हणजे, आधी त्याच्याकडे सगळी पानं एकत्र कुटुंबासारखी राहायची. एकाचं दूध उतू गेलं की सगळ्यांचा स्वयंपाक खोळंबला. एक पान अडकलं की सगळा ब्राउझर बंद. म्हणून प्रत्येकाला वेगळं बिऱ्हाड करून दिलं. आता एकाला आग लागली तर शेजाऱ्याला झळ लागत नाही, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर जात नाही. चांगलंच केलं. पण प्रत्येकाची चूल वेगळी, भांडी वेगळी, कुलूप वेगळं. जागा जास्त लागणारच. मोठ्या नव्या घरात खपून जातं. आपलं घर दोन खोल्यांचं.”

“आणि दोन खोल्या भरल्या की?”

“की सामान अंगणात काढून ठेवायचं. लागलं की आत आणायचं, आतलं बाहेर न्यायचं. ही घरघर ऐकताय ना, ती या हमालीची. मशीन बिघडलेलं नाही दादा. उचलून उचलून दमलंय.”

पोस्टमन आयुष्यभर थैली वाहिलेले. हमाली म्हटल्यावर त्यांना पटलं. त्या दिवसापासून ते आपल्या कॉम्प्युटरला उठताना हात लावून ‘येतो रे’ म्हणायचे.

समजावून झालं तरी माणसं विसरायचीच. पान उघडायला नुसतं बोट लागतं, मिटायचं कुणाच्या लक्षात राहतं? तेव्हा आईनं फिती काढल्या. बांधणी विभाग बंद झाला तेव्हा गडद लाल कापडाच्या कातरणी उरल्या होत्या, त्या तिनं फेकू दिल्या नव्हत्या. त्यांच्या बोटभर रुंद फिती कापल्या आणि एका टोकाला सरस लावून ते कडक केलं. खोलीत आलं की आईच्या टेबलावरून चार फिती घ्यायच्या. एक पान उघडलं की एक फीत मॉनिटरच्या वरच्या कडेला अडकवायची. मिटलं की काढून घ्यायची. हातात फीत नाही तर नवं पान नाही. एवढाच नियम. ब्राउझरला जे दाखवता येत नव्हतं ते आईनं कापडात दाखवलं.

सुरुवातीला लोक हसले. तिला फीतबाई म्हणू लागले, ते तिच्या कानावरही आलं. मग मशीन धावायला लागली आणि हसणारेच एकमेकांवर लक्ष ठेवू लागले. फितींची देवाणघेवाण सुरू झाली. ‘तुमची एक द्या, दुपारी परत करते’, असं शिंपीणबाई पोस्टमनना म्हणायच्या, आणि पोस्टमन ‘मागची अजून यायचीय’ म्हणत द्यायचे. ग्रंथपाल पाहुण्यांना खोली दाखवायला घेऊन यायचे आणि फितींबद्दल आईलाच बोलायला लावायचे. ती लाजायची, पण बोलायची नीट.

लिफ्टमनच्या मॉनिटरवर त्या दिवशी प्रामाणिकपणे एकच फीत लटकत होती. मुलाखत एकच होती ना.

“बंद करून परत चालू करावं लागेल,” आई म्हणाली आणि बटण दाबून धरलं. पडदा काळा झाला.

लिफ्टमन खुर्चीतून उठलेच. “अहो, लिंक गेली ना माझी.”

“लिंक तुमच्या मेलमध्ये आहे, भाऊ. ती कुठे जात नाही. बसा. पाणी प्या.”

ते बसले, पण पाणी प्यायले नाहीत. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याची घडी मोडू नये म्हणून ते पाठ टेकत नव्हते. एका मोठ्या कचेरीच्या इमारतीत तरुणपणापासून ते लिफ्ट चालवत होते. वर्षभरापूर्वी तिथे नवी लिफ्ट बसवली, तिला माणूस लागत नव्हता. तेव्हापासून पडेल ते काम चाललं होतं. आता हॉस्पिटलला लिफ्टसाठी माणूस हवा होता. तिथे अजून लागतो, स्ट्रेचर असतात. भरती दूरच्या शहरातली एक कंपनी करत होती आणि मुलाखत कॉम्प्युटरवरूनच घेणार होती. ‘मोबाइल चालणार नाही’ असं त्यांनी ठळक अक्षरांत कळवलं होतं. जाहिरातीत वयाची अट होती. यंदा ते अटीत बसत होते, पुढच्या भरतीला बसणार नव्हते. हे त्यांनी खोलीतल्या सगळ्यांना सांगून झालं होतं. मला आल्या आल्या पोस्टमननी सांगितलं.

खोलीत कॅमेरा फक्त खिडकीजवळच्या या एका कॉम्प्युटरला होता. आईनंच तो मॉनिटरवर सरसानं चिकटवला होता, त्यामुळे हलवायचा प्रश्नच नव्हता.

मशीन सुरू झालं. आईनं बाकी काहीही न उघडता फक्त मुलाखतीचं पान उघडलं. आधी स्वतःला पाहून घेण्याची सोय होती. पडद्यावर लिफ्टमनचा चेहरा आला, तुकड्यातुकड्यांत. त्यांनी तोंड उघडलं. पडद्यावरचा चेहरा मिटल्या तोंडानं बघत राहिला, आणि बऱ्याच वेळानं त्यानंही तोंड उघडलं.

“हा मीच का?”

“तुम्हीच,” पोस्टमन म्हणाले. “पण मघाचे.”

आईनं टेबलाला कान लावल्यासारखी मान वाकवून घरघर ऐकली. “एकटी मुलाखतच याला जास्त होतेय,” ती म्हणाली. “चित्र पण, आवाज पण, दोन्ही बाजूंचं. एवढी जागाच नाही याच्यात.”

मी घड्याळाकडे पाहिलं. तिनं मला पाहताना पाहिलं. मग ती उठली आणि पोस्टमनच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली.

“दादा, उठता का जरा?”

“डाव चाललाय, ताई.” पोस्टमन रोज सकाळी कुठल्यातरी लांबच्या देशातल्या अनोळखी माणसाशी बुद्धिबळ खेळायचे आणि रोज हरायचे. “आज वजीर मारलाय मी त्याचा.”

“तुमच्या मशीनमधली मेमरी काढून तिकडे लावायची आहे. सगळी एकाच घाण्यातली मशीन आहेत, बसेल. त्याच्यात दोन खाचा रिकाम्या आहेत.”

पोस्टमननी पडद्याकडे पाहिलं. मग लिफ्टमनच्या ताठ पाठीकडे पाहिलं.

“तो म्हणेल, म्हातारा पळाला.”

“म्हणू दे.”

“वजीर मारून पळणारा मी पहिलाच असेन,” पोस्टमन म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच मशीन बंद केलं.

आईनं पदर खोचला आणि जमिनीवर बसली. दोन्ही डबे आडवे केले. आधी लोखंडी कडेला तळहात लावला, अंगातली वीज निघून जावी म्हणून. हे ती प्रत्येक वेळी करायची, देवळाच्या पायरीला हात लावल्यासारखं. मग पोस्टमनच्या डब्यातल्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंचे चाप सोडले. हिरव्या पट्ट्या अलगद वर आल्या. ती त्या कडेनंच धरत होती. जुन्या पुस्तकाचं सुटलेलं पान ती असंच धरायची, दोन बोटांच्या टोकांत, जणू त्याला आपलं वजनही लागू नये.

एक पट्टी बसली. दुसरी बसेना. ती अंगठ्यानं दाबत होती आणि मी तिचा अंगठा बघत होते. नख पांढरं पडलं होतं. याच अंगठ्यानं तिनं जाडजूड पुठ्ठे दुमडलेले मी पाहिले होते. ती थांबली, श्वास घेतला, परत दाबलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “इकडे ये.”

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले.

“दाब.”

मी दाबलं.

“अजून. मोडत नाही ती.”

टक असा आवाज झाला. “हं,” आई म्हणाली, आणि तिनं हात मांडीवर ठेवले. तिच्या दुखण्याबद्दल आमच्यात त्या दिवसापर्यंत जेवढं बोलणं झालं होतं, त्यापेक्षा जास्त या एवढ्यात झालं.

तिनं बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. डब्यातून लांबलचक शिट्ट्या यायला लागल्या, एकामागून एक.

“गेलं,” लिफ्टमन हळूच म्हणाले.

“गेलं असतं तर बोललं नसतं,” आई म्हणाली. “कुणाकडे खोडरबर आहे?”

शिंपीणबाईंनी पिशवीत हात घातला. नमुने कागदावर काढून घेत असल्यानं त्यांच्याकडे पेन्सिल, पट्टी, खोडरबर सगळं असायचं. आईनं मेमरीची पट्टी काढून तिच्या पितळी दातांवरून खोडरबर फिरवला, फुंकर मारायचा मोह आवरून कापडानं पुसलं, आणि पट्टी माझ्या हातात दिली. या वेळी तिनं सांगायची वाट मी पाहिली नाही.

मशीन सुरू झालं. घरघर नव्हती.

अकराला दोन-तीन मिनिटं कमी असताना पडद्यावर तीन चेहरे आले, दोन पुरुष आणि एक बाई, लांबच्या टेबलामागे. पोस्टमन दारात जाऊन उभे राहिले आणि येणाऱ्याला हातानंच परत पाठवू लागले. शिंपीणबाईंनी आपलं मशीन बंद केलं. त्यामुळे काही फायदा नव्हता हे त्यांनाही माहीत असावं, पण त्यांनी केलं.

“आपलं नाव सां...” एक चेहरा म्हणाला आणि उरलेलं वाक्य तुटलं.

“ऐकू आलं नाही, साहेब.”

“आपलं... किती वर्षं... लिफ्ट...”

लिफ्टमनच्या कपाळावर घाम आला. ते पडद्याच्या इतके जवळ गेले की समोरच्यांना फक्त त्यांचं नाक दिसत असावं. आई टेबलाखालून वाकत, कॅमेऱ्याला न दिसता, गुडघ्यांवर त्यांच्या शेजारी गेली. तिनं माउस आपल्याकडे ओढला, कुठेतरी दोनदा दाबलं. तिन्ही चेहरे गेले. पडदा काळा.

“त्यांना तुम्ही दिसताय,” ती कुजबुजली. “तुम्हाला ते दिसणार नाहीत. तेवढी जागा वाचली. आता फक्त आवाज. बोला.”

काळ्या पडद्यातून आवाज आला, स्वच्छ. “आपल्याला किती वर्षांचा अनुभव आहे?”

आणि लिफ्टमनचे खांदे खाली आले. मी बाजूनं पाहत होते. ते मागे सरकले, खुर्चीला पाठ टेकली, हात मांडीवर ठेवले. नंतर मला कळलं. हा माणूस जन्मभर दाराकडे तोंड करून उभा राहिला होता आणि लोक त्याच्या पाठीमागून बोलत होते. समोर कुणी नसताना उत्तर देणं, यातच त्याचं आयुष्य गेलं होतं. तीन चेहऱ्यांनी तो गांगरला होता. काळं दार समोर आल्यावर त्याला जागा ओळखीची वाटली.

ते छान बोलले. भारनियमनाबद्दल बोलले, वजनाबद्दल बोलले, दार लवकर मिटणाऱ्या लिफ्टमध्ये म्हाताऱ्या माणसाला कसं घ्यायचं ते बोलले. मग बाईंचा आवाज आला, “रुग्ण स्ट्रेचरवर आहे आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तर काय कराल?”

“आधी बोलेन, मॅडम.”

“कुणाशी?”

“त्या माणसाशी. घंटा, फोन, ते सगळं आहेच. पण कशालाही हात लावायच्या आधी आवाज दिला पाहिजे. अंधारात आपण काहीतरी खुडबुड करतोय आणि बोलत नाही म्हटलं की माणूस घाबरतो. आणि दार ओढायचं नाही. लोक दार ओढतात, तिथेच घात होतो.”

“काय बोलाल?”

लिफ्टमननी विचार केला. “काहीही. कुठल्या मजल्यावर काय आहे ते सांगतो मी. तिसऱ्यावर हिशेबवाले बसतात, त्यांच्याकडचा पंखा आवाज करतो. चौथ्यावरच्या खिडकीतून झाड दिसतं. माणसाला वाटतं, आपण कुठेतरी आहोत. मध्ये लटकलेलो नाही.”

काळ्या पडद्यातून काहीच आलं नाही. इतका वेळ आलं नाही की आईनं वाकून डब्याला हात लावला. मग बाईंचा आवाज आला, मघापेक्षा हलका. “ऐकतोय आम्ही. पुढे सांगा.”

मुलाखत संपली. ‘कळवतो’ असं ते म्हणाले, जे सगळेच म्हणतात. लिफ्टमन उठले, मॉनिटरवरची फीत काढली आणि ती मुठीत धरूनच दाराकडे निघाले.

“फीत ठेवून जा,” आई म्हणाली.

तिनं पट्ट्या परत पोस्टमनच्या मशीनमध्ये लावल्याशिवाय खोली सोडली नाही. लावल्या म्हणजे मी लावल्या. पलीकडच्या खेळाडूनं तोवर स्वतःला विजयी करून घेतलं होतं. “घे रे बाबा,” पोस्टमन पडद्याला म्हणाले, “आज तुला गरज असेल.”

हॉस्पिटलकडे जाताना रिक्षात आईनं डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं झोपली.

“राग आला का?”

“नाही.”

“आला असेल तर इथेच काढ. डॉक्टरसमोर नको.”

“नाही आला.”

“मग ठीक आहे.” थोड्या वेळानं म्हणाली, “त्यांची चित्रं बंद करायचं मला आधीच सुचायला हवं होतं. उगीच घाम फोडला त्या माणसाला.”

आमची वेळ टळली होती, पण डॉक्टरांनी बसवून घेतलं. रिपोर्टात तेच होतं. आईनं सगळं शांतपणे ऐकलं, आणि शेवटी एकच विचारलं, कामावर जाता येईल का. झेपेल तोवर जा, असं ते म्हणाले. झेपेल तोवर ती गेली.

उपचारांसाठी आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. पाचव्या मजल्यावर जावं लागायचं. एके दिवशी मोठ्या लिफ्टचं दार उघडलं आणि आत करड्या गणवेशात लिफ्टमन उभे होते. एका खांद्यावर बिल्ला, पायात नवे बूट. त्यांनी आईकडे पाहिलं, तिच्या डोक्याला बांधलेल्या रुमालाकडे पाहिलं, आणि कोपऱ्यातलं आपलं स्टूल पायानं पुढे सरकवलं.

“बसा, ताई.”

“लागलात का इथे?”

“पंधरा दिवस झाले.”

“कळवायचं नाही का?”

“येणार होतो खोलीवर. शिंपीणबाई म्हणाल्या, तुम्ही हल्ली रोज येत नाही. फिती त्याच देतात म्हणे आता.”

“कडक आहेत का?”

“तुमच्यापेक्षा.”

आई समाधानानं हसली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कुणीतरी बटण दाबायला लागलं. लिफ्टच्या आतल्या पट्टीवरचा दिवा एकसारखा लागत-विझत होता.

“ओरडा की,” आई म्हणाली.

“इथे नाही ओरडत,” लिफ्टमन म्हणाले. “इथे दाबू देतो. त्यांच्या हातात दुसरं काय आहे?”

आई त्यांच्या पाठीकडे बराच वेळ बघत राहिली. घरी आल्यावर मला म्हणाली, “माणूस योग्य जागी गेला.” तिच्या तोंडून एवढी मोठी शाबासकी मी कधी मिळवली नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही.

नंतरचे महिने सांगण्यासारखे नाहीत. ती कुणाला त्रास न देता आजारी होती. नर्स सुई लावायला आली की हात आधीच पुढे करायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना फोनवर उघडून ठेवलेली पानं मिटायला शिकवलं, ‘बघा, आता बॅटरी पण टिकेल’ म्हणाली. शेवटच्या आठवड्यात तिचं बोलणं कमी झालं. मग थांबलं.

ती सकाळी गेली. सह्या झाल्या, नळ्या निघाल्या, पांढरी चादर आली. आईला खाली न्यायची वेळ झाली तेव्हा भेटीची वेळ नुकतीच सुरू होत होती. वॉर्डबॉयनं स्ट्रेचर लिफ्टपाशी आणलं. दार उघडलं. लिफ्टमननी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांनी स्टूल उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवलं, स्ट्रेचर आत घ्यायला स्वतः हात लावला, आणि आम्ही आत आल्यावर दार मिटलं.

चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली. बाहेर माणसं उभी होती. कुणाच्या हातात डबा, कुणाच्या हातात थर्मास, एक लहान मूल कडेवर. आत जागा होती. स्ट्रेचरच्या दोन्ही बाजूंना सहज चौघं-पाचजण मावले असते.

लिफ्टमननी उघड्या दारात आपला हात आडवा धरला.

“भरली आहे,” ते म्हणाले. “पुढची घ्या.”

पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी आतल्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, आणि एक पाऊल मागे घेतलं. दार मिटलं.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. “भरली आहे. पुढची घ्या.” दुसऱ्यावर उघडलं. पहिल्यावर उघडलं. प्रत्येक मजल्यावर ते हेच सांगत होते, आवाज न चढवता, हात आडवा धरून, आणि कुणीही त्यांच्याशी वाद घातला नाही.